विनाअट प्रेमाची साधना आणि परलोकावरचा विश्वास: रोज नेमकं काय करायचं?

निशिगंधा

नमस्कार. देह पडल्यावरही जीव कुठल्या ना कुठल्या रूपात राहतो आणि गेलेल्यांशी आपलं नातं तुटत नाही, असं मी मानते. हे मानणं बरोबर की चूक हा वाद कृपया इथे नको, मला साधनेबद्दल विचारायचं आहे.

'सगळ्यांवर विनाअट प्रेम करा' हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. पण बसायचं कसं, सुरुवात कोणापासून करायची, किती वेळ, आणि जमतंय की नाही हे ओळखायचं कसं, ते कोणी सांगत नाही. माझं तीन ठिकाणी अडतं. ज्यांनी त्रास दिला त्यांचं नाव मनात आणलं की प्रेम राहतं बाजूला, जुना राग वर येतो. दुसरं, गेलेल्या माणसांना या ध्यानात घ्यावं का? घेतलं की मन तिथेच रुतून बसतं. आणि तिसरं, कधीकधी 'संकेत' मिळाल्यासारखा वाटतो, तो तपासायचा कसा? प्लँचेट (अक्षरांच्या पाटीवर बोटं ठेवून आत्म्याकडून उत्तर मिळवणं) करून बघ असाही सल्ला मिळाला आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

अनाहत

पहिल्या मुद्द्यापुरतं आधी लिहितो.

तुमचा राग वर येतो कारण क्रम उलटा झाला आहे. मैत्रीभावनेची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या बौद्ध ध्यानाची, सगळ्यात बारकाईने लिहिलेली पद्धत 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथात आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाने हा ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या प्रकरणात सुरुवातीलाच कोणाला घ्यायचं नाही ते सांगितलं आहे: नावडता माणूस, जिवलग मित्र, ज्याच्याशी देणंघेणं नाही असा तटस्थ माणूस, आणि वैरी. कारणंही दिली आहेत. नावडत्याला प्रियाच्या जागी बसवताना मन दमतं. जिवलगाचं जरासं वाईट झालेलं आठवलं तरी रडू येतं. वैऱ्याच्या आठवणीने राग उसळतो. तुम्ही थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली, म्हणून तेच झालं.

सुरुवात स्वतःपासून. हा स्वार्थ नाही. 'मला सुख हवं, दुःख नको; तसंच प्रत्येकाला' हे आपल्यापुरतं पक्कं जाणवल्याशिवाय दुसऱ्याला दिलेल्या शुभेच्छा पोकळ राहतात. वाक्यं चारच ठेवा: मी निर्वैर असो. माझ्या मनाला क्लेश नसो. माझ्या देहाला पीडा नसो. मी सुखाने जगो. एक वाक्य, मग दोन-तीन श्वास नुसतं थांबणं, मग पुढचं. भरभर म्हटलंत की जप होतो आणि भावना मागे राहते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

त्यानंतर आदरणीय व्यक्ती: हयात असलेले गुरू, शिक्षक, ज्यांनी निरपेक्षपणे काही दिलं असे कोणी. चेहरा नुसता आठवू नका, त्यांचं एक ठरावीक वागणं आठवा. समजावून सांगताना त्यांचा आवाज कसा खाली यायचा, चुकलेली ओळ ते न रागावता पुन्हा कशी वाचायला लावायचे, असं काहीतरी. मन मऊ होतं ते तपशिलाने. मग जिवलग, मग तटस्थ माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. शारीरिक ओढ वाटू शकेल अशी व्यक्ती सुरुवातीच्या पायऱ्यांवर टाळा, भावना नकळत आसक्तीत बदलते.

वेळ रोज अर्धा तास धरा. पहिले काही आठवडे फक्त स्वतः आणि आदरणीय व्यक्ती, अर्धा अर्धा वेळ. या दोन्हींत मन न अडता मऊ राहायला लागलं की जिवलग जोडा. तटस्थ माणसाची पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात, पण माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे. तिथे ना माया मदतीला येते ना राग अडवतो, असते ती निव्वळ सदिच्छा.

वैऱ्यापाशी पोचल्यावर राग आलाच तर लगेच मागच्या पायरीवर या, तिथे मन स्थिर करा, मग पुन्हा जा. तरीही जमत नसेल तर त्या माणसाचं एक चांगलं अंग शोधा: कोणाची कृती बरी असते, कोणाचं बोलणं. काहीच सापडत नसेल तर त्याच्याबद्दल करुणा धरा. ग्रंथातला शेवटचा उपाय अगदी व्यवहारी आहे: त्याला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून घ्या. मनाने वळत नाही ते कधीकधी हाताने वळतं.

आणि जमतंय की नाही? विनाअट म्हणजे किती विनाअट, याचं मोजमाप तिथेच दिलं आहे. तुम्ही, तुमचा प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसला आहात आणि डाकू येऊन म्हणतात, 'बळी द्यायला एक जण द्या.' 'वैऱ्याला न्या' असं वाटलं तर आपलं-परकं ही भिंत मनात उभी आहे हे उघडच आहे. पण 'मला न्या, या तिघांना सोडा' असं वाटलं तरीही ती उभीच आहे! चौघांपैकी एकही नाव मनात येत नाही, तेव्हा भिंत पडली. स्वतःला झिजवणं म्हणजेच प्रेम असं मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मृदुला_वा

अनाहत यांच्याशी सहमत. एकच भर घालते.

या साधनेत उघड शत्रूपेक्षा जवळचा शत्रू जास्त फसवतो. मैत्रीचा उघड शत्रू द्वेष, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती, आणि ती प्रेमासारखीच दिसते. करुणेचा उघड शत्रू क्रौर्य, जवळचा शत्रू शोकात बुडणं. उपेक्षेचा (इथे अर्थ दुर्लक्ष नव्हे, समभाव) जवळचा शत्रू बेफिकिरी. ओळखण्याची सोपी खूण: समोरच्याने प्रतिसाद दिला नाही तर आपल्याला राग किंवा रितेपणा येतो का? येत असेल तर कुठेतरी अट होती.

त्रास देणाऱ्यांबद्दल: पतंजलींच्या योगसूत्रात (१.३३) चार भावना चार प्रकारच्या माणसांसाठी आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता (त्याच्या चांगल्यात आनंद), आणि अपुण्य करणाऱ्याबद्दल उपेक्षा. म्हणजे वाईट वागणाऱ्याला मिठी मारा असं तिथेही म्हटलेलं नाही. मनातून त्याचं वाईट न चिंतणं हे विनाअट. घरात घेणं, पैसे देणं, पुन्हा विश्वास टाकणं हे सगळं अटींवरच. मारहाण, छळ, फसवणूक चालू असेल तर आधी तिथून बाहेर पडा, तक्रार करा. ध्यानात त्या व्यक्तीला घेण्याची घाई त्यानंतरही नको.

पैलतीर

संकेत आणि प्लँचेटबद्दल मी लिहितो.

चाळणी हवी असेल तर परलोक मानणाऱ्यांचीच घ्या, ती नास्तिकांच्या चाळणीपेक्षा बारीक आहे. त्यांच्यातलेच एक आलां कार्देक; हे टोपणनाव. मूळचे ते रिवाई नावाचे फ्रेंच शिक्षक. १८५७ मध्ये त्यांनी आत्म्यांशी झालेली प्रश्नोत्तरं प्रसिद्ध केली आणि १८६१ मध्ये खास माध्यमांसाठी, म्हणजे ज्यांच्यामार्फत आत्मे बोलतात असं मानतात त्या माणसांसाठी, ग्रंथ लिहिला. त्यातलं सूत्र असं की संदेश कोणाच्या नावाने आला याला किंमत नाही, तो काय म्हणतो याला आहे. चांगला आत्मा खुशामत करत नाही, हुकूम सोडत नाही, अमुक तारखेला अमुक होईल असं सांगत नाही. थोर नाव घेऊन आलेल्या संदेशाकडे जास्तच संशयाने बघायचं. आणि एकाच माध्यमातून आलेली गोष्ट, एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांकडून तीच येईपर्यंत, मान्य करायची नाही. माध्यमाने पैसे घेणंही त्यांना मंजूर नव्हतं.

बाधेचे त्यांनी तीन टप्पे सांगितले आहेत: साधी बाधा, भुरळ आणि संपूर्ण ताबा. यातल्या भुरळीला ते फार धोकादायक मानतात, कारण फसवणूक होते आहे हे त्या माणसाला दिसतच नाही आणि जो ते दाखवू शकेल त्याच्यापासून त्याला दूर केलं जातं. एखाद्या 'संदेशा'मुळे घरच्यांशी बोलणं तुटत असेल तर इथेच थांबा.

प्लँचेट करू नका असाच माझा सल्ला आहे, आणि त्याचं कारण भीती नाही. १८५३ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने फिरत्या मेजांची तपासणी केली; लोक मेजावर हात ठेवून बसत आणि ते आत्मे फिरवतात असं मानत. मेज आणि हात यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर ठेवले, थरांच्या मध्ये मऊ चिकट पदार्थाचे गोळे लावले. मेज आपणहून फिरत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा, हात ढकलत असतील तर वरचा. वरचाच जास्त सरकलेला निघाला. मग त्याने हाताची ढकल दाखवणारा काटा बसवला. बसलेल्यांना तो काटा दिसायला लागला आणि मेज हलायचं थांबलं. त्यातलं कोणीही मुद्दाम फसवत नव्हतं. अपेक्षेने स्नायू नकळत हलतात. प्लँचेटवरही बोटांखाली हेच घडतं. डोळे बांधून, न सांगता पाटी फिरवली की अर्थपूर्ण शब्द बनायचे थांबतात. म्हणजे उत्तर बहुतेक वेळा आपल्याच मनातलं असतं, आणि ते प्रिय माणसाच्या नावाने आल्यामुळे आपण तपासत नाही. शोकात असलेल्या माणसाने तर याच्या वाटेलाही जाऊ नये.

संकेतांसाठी चार रकान्यांची एक वही ठेवा. काय घडलं, कधी. त्याआधी मनात काय इच्छा होती. साधं कारण काय असू शकेल. आणि हा संकेत मला काय करायला सांगतो. तेव्हाच लिहा, नंतर आठवून नको. मागितलेला संकेत आला नाही, ते दिवसही लिहायचे. हे गाळलं की वहीत फक्त जुळलेलंच उरतं आणि सगळंच खरं वाटायला लागतं. महिन्याने वाचा. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. संकेताने तुम्ही कोणाशी जास्त मायेने वागलात तर तो कुठून आला याची फार चिंता नको. त्याने भीती, गर्व किंवा खर्च वाढवला असेल तर तो कुठूनही आलेला असो, सोडून द्या.

निशिगंधा

मनापासून आभार. वही आजपासूनच सुरू करते. पण गेलेल्यांचं राहिलं. त्यांना ध्यानात घ्यायचंच नाही का? मग नातं आहे असं मानून उपयोग काय?

अनाहत

घ्यायचं, पण या ध्यानात नाही. विसुद्धिमग्गात एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्या आचार्यांना समोर ठेवून मैत्री करत होता, पण काही केल्या मन एकाग्र होईना. थोर भिक्खूकडे गेला तेव्हा ते म्हणाले, आलंबन (ज्यावर ध्यान करतोस ते) तपासून बघ. चौकशी केली तर आचार्य निवर्तले होते. दुसऱ्या आचार्यांना घेतल्यावर ध्यान लागलं. मृत व्यक्तीवर मैत्रीभावनेचं ध्यान लागत नाही, हा तिथला स्पष्ट नियम आहे. तुमचं मन रुततं तेही याच जागी: 'सुखी असो' म्हणता म्हणता मन 'इथे असती तर' कडे वळतं.

गेलेल्यांसाठी त्याच परंपरेत वेगळी कृती आहे: पुण्यदान. आधी प्रत्यक्षात काहीतरी चांगलं करायचं, मग त्याचं पुण्य त्यांना अर्पण करायचं, ते ज्या रूपात असतील तिथे त्यांनी ते आनंदाने स्वीकारावं म्हणून. क्रम बदलू नका. दिवसभरात एक ठरवलेलं काम: आजाऱ्याजवळ तासभर बसणं, कोणाचा अर्ज भरून देणं, कोणाला जेवू घालणं. शक्यतो त्या गेलेल्या माणसाला जे आवडलं असतं ते. संध्याकाळी पाच मिनिटं बसून नाव एकदा घ्यायचं, काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, 'हे तुमच्यासाठी, आनंदाने घ्या' म्हणायचं आणि उठायचं. सकाळच्या मैत्रीभावनेत हे मिसळू नका.

त्या पाच मिनिटांत काहीही मागायचं नाही. मार्गदर्शन नको, दर्शन नको, खूणही नको. तुमचे दुसरा आणि तिसरा प्रश्न इथे एकत्र येतात असं मला वाटतं: संकेताची वाट बघणं हीच गेलेल्या माणसावर घातलेली अट आहे. 'तू आहेस हे दाखव, मग मी शांत होईन.' जिवंत माणसाशी असं वागलो तर आपण त्याला प्रेम म्हणणार नाही.

आणि अदृश्य जगाशी नातं हवंच असेल तर मैत्रीसुत्ताची, म्हणजे बुद्धांच्या मैत्रीवरच्या उपदेशाची, पार्श्वभूमी बघा. अट्ठकथेप्रमाणे (सुत्तावरच्या जुन्या टीकेप्रमाणे) वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्यासाठी, अरण्यात गेलेल्या भिक्खूंना वृक्षदेवता घाबरवत होत्या. बुद्धांनी त्यांना मंत्रतंत्र दिला नाही, जागाही बदलायला लावली नाही. हे सुत्त देऊन परत त्याच अरण्यात पाठवलं, आणि त्याच देवतांनी त्यांची काळजी घेतली. मैत्रीची अकरा फळं सांगितली आहेत त्यात शांत झोप, चित्त लवकर एकाग्र होणं यांच्या जोडीला 'अमनुष्यांनाही (देवता वगैरे अदृश्य जीवांनाही) प्रिय होतो' हेही आहे. संपर्काची वेगळी खटपट तिथे सांगितलेलीच नाही.

पैलतीर

अनाहत यांचा हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

एक राहिलं. गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटणं, आवाज ऐकू येणं, याने घाबरू नका. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्यांना असा अनुभव होता, आणि बऱ्याच जणांनी तो तोवर कोणालाच सांगितला नव्हता. पण आवाज हुकूम देत असेल, 'माझ्याकडे ये' म्हणत असेल, झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, तर सगळी साधना बंद करून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा काळात दिवसचे दिवस मौन आणि ध्यान असलेली शिबिरंही टाळा, त्रास वाढू शकतो. बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करताना आधी फक्त पुण्यदानाची पाच मिनिटं, आणि मैत्रीभावना दहा मिनिटांपासून, डोळे उघडे ठेवून.