बाँडचा डॉक्टर वर्षभरात जाणारच. मग तालुक्यातल्या पोरांनाच जागा का नकोत?

पांढरकवडेकर
सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर ग्रामीण सेवा, हा आपल्या राज्याचा बाँड. दहा लाख भरून सुटायची सोय होती तेव्हा ज्यांच्या घरी पैसा होता ते सुटले. जो येतो तोही पुढच्या स्पेशालिस्ट शिक्षणाच्या (पीजी) प्रवेश परीक्षेची, नीट-पीजीची पुस्तकं घेऊनच येतो. मी त्याला दोष देत नाही. पण शेतात कीटकनाशक फवारणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रावर पेशंट आणतात तेव्हा डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, तोंडाला फेस, कपड्यांना औषधाचा वास. विषावरचा उतारा, अॅट्रोपिन किती, पुन्हा कधी, आणि यवतमाळला कोणत्या टप्प्यावर हलवायचं, हे पुस्तकात असतं. हात बसायला मात्र दोन-तीन हंगाम जावे लागतात. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली. डॉक्टर दरवर्षी बदलला की हात बसायच्या आधीच तो निघालेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बाँड गुंडाळा, मागास तालुक्यांतल्या पोरांसाठी एमबीबीएसच्या जागा राखा आणि त्यांच्याकडून तिथेच सात-आठ वर्षं सेवा घ्या. थायलंडने नव्वदच्या दशकापासून ग्रामीण भागातली मुलं वेगळी निवडून त्याच भागात नेमायला सुरुवात केली. आपल्याला काय अडचण आहे?

ड्यूटीवर
बाँडवरचाच डॉक्टर आहे, गडचिरोली जिल्ह्यात. पुस्तकं आणली, हो. न आणून काय करू? नुसत्या एमबीबीएसला शहरात खासगी हॉस्पिटलात आरएमओची (निवासी डॉक्टरची) नाईट मिळते, त्यापुढे काही नाही. इथं क्वार्टरमध्ये पावसाळ्यात गळती बघून पलंग सरकवायचा. रात्री बाई अडली तर सीझरला ना भूलतज्ज्ञ, ना रक्त. रेफर केलं की नातेवाईक कॉलर माझी धरतात. माझ्या जागी तालुक्यातला पोरगा असता तर भूलतज्ज्ञ आभाळातून पडला असता का?

वऱ्हाडी_बाप्पा
काऊन डॉक्टरसाहेब, सरकारी कॉलेजात फी कितीक भरली तुमी? बाकीचा पैसा कोनाचा? आमचाच ना! एक वर्ष द्याले इतकं रडता? मास्तर गडचिरोलीतल्या एटापल्लीले जाते, तलाठी जाते, फॉरेस्टवाला जाते. त्यायचे क्वार्टर गळत नसन का? बाँड काढू नका, तीन वर्षांचा करा.

ड्यूटीवर
मास्तरचं दार रात्री दोन वाजता कोणी वाजवत नाही, बाप्पा. आणि आयआयटीही तुमच्याच पैशावर चालते. तिथल्या पोरांना एटापल्लीत कोण पाठवतं?

उपकेंद्राची_सिस्टर
सगळं भांडण डॉक्टरवरच. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली 'लान्सेट'मध्ये छापून आलं. त्या डॉक्टर नव्हत्या. आम्हा सिस्टर आणि आशांना औषधं वेळेवर द्या, मानधन वेळेवर द्या, मग डॉक्टरांचं बोलू.

पांढरकवडेकर
सिस्टर, मान्य. पण सरकारला हेच ऐकायला आवडतं, स्वस्तात पडतं ना. नाग चावला, श्वास जायला लागला, तर आरोग्यदूत काय करणार? आणि आता कोणीतरी हेमलकसा आणि बैरागडची नावं काढणारच, म्हणून आधीच सांगतो. डॉक्टर प्रकाश आमटे 1973 पासून गडचिरोलीतल्या हेमलकशात, डॉक्टर कोल्हे दांपत्य मेळघाटातल्या बैरागडला. दंडवत त्यांना. पण एवढ्या वर्षांत आपण तीच दोन-चार घराणी मोजतोय. संत येतील म्हणून तालुका वाट बघत बसू शकत नाही.

धंतोलीकर
तुमचा तालुका-कोटा म्हणजे जुनी 70-30 नव्या कपड्यात. आठवतंय ना? मेडिकलच्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, 30 टक्के राज्यभर. 2020 मध्ये सरकारने ती रद्द केली, आणि त्यासाठी सर्वांत जास्त आवाज मराठवाड्यातून उठला होता, कारण त्यांच्याकडे कॉलेजं कमी. शिवाय विभागाच्या कोट्यात नागपुरातल्या आमच्या धंतोलीतल्या नर्सिंग होमवाल्याचा मुलगाही विदर्भाचाच धरला जायचा. तो एटापल्लीत गेला का कधी?

पांढरकवडेकर
म्हणूनच तर विदर्भ नाही म्हटलं, तालुका म्हटलं. पहिली ते दहावी जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेत झालेली असावी ही अट घाला. धंतोलीवाला कुठून आणणार तो दाखला? 2024 मध्ये गडचिरोलीत सरकारी मेडिकल कॉलेज मंजूर झालं. त्यात अहेरी, भामरागड, कोरचीची पोरं किती बसणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. इमारतीच्या टेंडरवर मात्र सगळ्यांचं लक्ष.

धंतोलीकर
दाखले महाराष्ट्रात कुठून येतात हे मी सांगायला हवं?

ड्यूटीवर
दाखला खरा असला तरी काय? माझ्या बॅचला कोरचीकडचा एक मित्र होता. अस्सल आश्रमशाळेतला, हुशार. आज पुण्यात रेडिओलॉजी करतोय. त्याचे आईबापच त्याला म्हणतात, परत येऊ नको, एक तरी सुटला. त्याला तुम्ही कोणत्या तोंडाने बोलावणार? मला म्हणाल तर दुर्गम भागात तीन वर्षं काढतो, बदल्यात पीजीची जागा द्या. लेखी. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीत कोटा ठेवायचा अधिकार राज्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्येच सांगितलंय.

पांढरकवडेकर
म्हणजे तीन वर्षांनी तुम्हीही पुण्यात. तुमच्या मित्राशी प्रवेशाच्या वेळीच आठ वर्षांचा करार असता तर रेडिओलॉजी करून तो गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात बसला असता.

ड्यूटीवर
आणि करार मोडला तर? दंड लावणार ना? म्हणजे फिरून बाँडच की हो.

वऱ्हाडी_बाप्पा
तेच तं सांगून राहिलो मी सकाळपासून. फक्त दहा लाखाचा नको, एक कोटीचा लावा.