खुरांचा आजार होऊन गेलेले तट्टू मुलीसाठी घ्यावे का?

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलीसाठी पाहिलेले १४ वर्षांचे तट्टू अत्यंत शांत आहे; तिने खोगीर नीट न बसवताही ते हलले नाही. मात्र २ वर्षांपूर्वी त्याला लॅमिनायटिस (खुराच्या आतील थरांचा वेदनादायक दाह) झाला होता, असे मालकांनी स्वतःहून सांगितले. व्यवहार करावा का?

उत्तर १: मालकांनी सांगितले, हीच मोठी गोष्ट; बहुतेक जण लपवतात. तरीही आपण नेमलेल्या पशुवैद्याकडून पुढच्या खुरांचे एक्स-रे काढून आतील हाड फिरले आहे का ते पाहावे, आणि रक्तातील इन्शुलिन तपासून घ्यावे, कारण मूळ दोष तिथे असल्यास साखर जास्त असलेल्या हिरव्या गवताचा हंगाम येताच दुखणे उलटते. वेदनाशामक देऊन तट्टू दाखवले जात नाही ना, यासाठीही त्याच वेळी रक्त घ्यावे.

उत्तर २: खूर स्वतः न्याहाळा. खुराच्या बाहेरील कठीण भिंतीवरची वलये टाचेकडे रुंद होत गेली असतील, तर ती जुन्या दाहाची खूण असते. खूर महिन्याला साधारण १ सेंटिमीटरच वाढत असल्याने, २ वर्षांपूर्वीची वलये आतापर्यंत झिजून गेलेली असायला हवीत. ती अजून दिसत असतील, तर दुखणे मध्यंतरी पुन्हा येऊन गेले असावे. आयाळीखालची मान टणक, फुगीर लागली (ही इन्शुलिनच्या दोषाची खूण असू शकते), तर मी मागे फिरेन.

उत्तर ३: आमचे असेच तट्टू ६ वर्षे उत्तम चालले, परंतु मोकळे चरणे बंद आणि वाळले गवत साखर कमी करण्यासाठी भिजवून, वजन करूनच. रोजची ही शिस्त तुम्हालाच पाळावी लागेल, मुलीला नव्हे.