मदत हवी आहे: लिनक्सवर ट्रेलर चालतात, चित्रपट चालत नाहीत

प्रश्न
डेबियन १२, फायरफॉक्स ईएसआर, इंटेल प्रोसेसर. पैसे भरलेल्या सेवेवर ट्रेलर नीट चालतात, पण चित्रपट लावला की काळा पडदा आणि डीआरएमची (कॉपी-संरक्षणाची) त्रुटी. 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट'वर टिक आहे. प्लगिन्सच्या यादीत वाइडवाइन (डीआरएमचं कुलूप उघडणारं गूगलचं मॉड्यूल) आणि त्याच्या आवृत्तीचा आकडा दिसतो. क्रोमियममध्येही तेच रडगाणं. हे सुटलं तर ४के मिळेल का?

टर्मिनलप्रेमी
क्रोमियम सध्या बाजूला ठेवा. वाइडवाइन बंद स्रोताचं असल्यामुळे डेबियनच्या क्रोमियममध्ये ते नसतंच, क्रोमसोबत येतं. ट्रेलर बहुधा एन्क्रिप्ट केलेले नसतात, त्यामुळे ते चालले यावरून काहीच कळत नाही.

फायरफॉक्स वाइडवाइन उतरवून प्रोफाइलमधल्या (तुमच्या सेटिंग्ज ठेवायच्या जागेतल्या) 'जीएमपी-वाइडवाइनसीडीएम' फोल्डरात ठेवतो. नुसतं 'विल बी इन्स्टॉल्ड शॉर्टली' दिसत असतं, तर डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर) जाहिराती अडवणारं काही लावलंय का, हे आधी विचारलं असतं. तुमच्याकडे आकडा दिसतोय, म्हणजे ते उतरलंय. अडत असेल तर लोड होताना. ती डॉट-एसओ फाइल आहे, म्हणजे चालवायचा कोड. पार्टिशन 'नोएक्झेक' (तिथला कोड चालवायला मनाई) असेल तर कर्नल ती चालवायला मेमरीत घेऊच देत नाही. प्रोफाइलचा पत्ता 'अबाउट:सपोर्ट'मध्ये मिळेल. तो 'फाइंडमाउंट' (findmnt) या आज्ञेला 'डॅश मोठा टी' लावून द्या आणि शेवटचा रकाना इथे टाका.

प्रश्नकर्ता
होम वेगळं पार्टिशन आहे. रकान्यात नोसूइड, नोडेव्ह, नोएक्झेक असं येतंय. पण एफएसटॅबमध्ये (पार्टिशनं कशी जोडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) मी नोएक्झेक लिहिलेलंच नाही! तिथे फक्त 'डीफॉल्ट्स,यूझर्स' आहे.

टर्मिनलप्रेमी
मग तेच. 'यूझर' किंवा 'यूझर्स' लिहिलं की हे तिन्ही पर्याय आपोआप लागतात. होमसाठी 'यूझर्स'ची गरजच नाही, काढून टाका. ठेवायचंच असेल तर त्याच्या *नंतर* 'एक्झेक' लिहा. आधी लिहिलंत तर 'यूझर्स' ते पुन्हा पुसतो. मग मशीन रीस्टार्ट करा. चाचणीसाठी शाका प्लेअर या वेब व्हिडिओ प्लेअरच्या डेमोत वाइडवाइनचा नमुना लावून बघा, म्हणजे सेवेचा दोष की मशीनचा, हे वेगळं कळेल.

बिटमोजणी
४केचा नाद सोडा. एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेंशन्स हे २०१७ पासून डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण आहे, पण त्यात ठरतं ते एवढंच की पानाने डिक्रिप्शन मॉड्यूलशी कसं बोलायचं. मॉड्यूल बंद स्रोताचंच राहतं. डेस्कटॉप लिनक्सवर ते एल३ पातळीचं, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरमधलं. एल१ला हार्डवेअरमधला सुरक्षित कप्पा लागतो. कुठल्या पातळीला किती रिझोल्यूशनची किल्ली द्यायची हे सेवेचा लायसन्स सर्व्हर ठरवतो. यूझर-एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलून विंडोजचं सोंग घेतलं तरी मॉड्यूल एल३च राहतं; उलट सेवा भलताच प्लेअर पाठवते आणि चालू असलेलंही बंद पडतं.

प्रश्नकर्ता
'यूझर्स' काढलं, रीस्टार्ट केलं. डेमो चालला, चित्रपटही चालला. धन्यवाद! प्रोसेसर मात्र बराच तापतोय.

बिटमोजणी
चित्र मॉड्यूलच्या आतच, सॉफ्टवेअरने डीकोड होतं. ग्राफिक्स कार्डाकडून डीकोडिंग चालू केलंत तरी इथे उपयोग नाही.