आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन: किती वाकेल, किती दिवस दुखेल, आधी काय करायचं?

साताऱ्याची_लेक विचारते:

आईचं वय ६८, उंची १५२ सेंमी, वजन ७८ किलो. मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्याची झीज ग्रेड ४ (म्हणजे सर्वांत जास्त), डाव्याची ग्रेड ३. उजवा १०० अंशांपर्यंत वाकतो, पण पूर्ण सरळ होत नाही, १० अंश राहतात. पाय बाकदार झालाय. महिन्यापूर्वी उजव्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही चालवत नाही आणि रात्री दुखण्याने जाग येते. फिजिओथेरपी आणि गोळ्या वर्षभर झाल्या.

उजव्या गुडघ्याची वाटी बदलायला सांगितलंय. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळतेय. घ्यावी का? दोन्ही एकदम करून टाकावेत का? हाय-फ्लेक्स (जास्त वाकणारा सांधा) किंवा रोबोटिक केलं तर आई पुन्हा मांडी घालून पूजेला बसू शकेल का? घरात भारतीय संडास आहे, खोली पहिल्या मजल्यावर.

अस्थिशल्य_कोल्हापूर:

ऑपरेशन योग्य वाटतं, पुढच्या आठवड्याची तारीख मात्र घेऊ नका. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर त्याच सांध्यात तीन महिन्यांच्या आत कृत्रिम सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सर्जनना इंजेक्शनची तारीख आवर्जून सांगा. ते दुसरीकडे घेतलं असेल तर त्यांच्या कागदांत ते नसेलच. दुसरं कारण एचबीएवनसी. तो ७.५च्या आसपास, निदान ८च्या खाली आणायला हवा. हा आकडा मागच्या तीनेक महिन्यांची साखर दाखवतो, म्हणजे इंजेक्शनची मुदत आणि साखर आटोक्यात आणण्याचा काळ एकच. अजून दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात किडलेले दात, लघवीतला संसर्ग, पायाच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्या यांवर उपचार करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही वाढवा. वजन चार-पाच किलोंनी उतरलं तरी पुष्कळ, कारण एक किलो घटला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. डाव्या गुडघ्याला तर त्याचा फायदा आयुष्यभर होईल.

आता 'वाटी बदलणे' या शब्दाबद्दल. त्याने फार गैरसमज होतात. वाटी म्हणजे पुढचं गोल हाड. पुष्कळदा ते जागेवरच ठेवतात, किंवा त्याच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची छोटी चकती बसवतात. खरं काम मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवर होतं. तिथली झिजलेली कूर्चा आणि साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड कापून मांडीच्या हाडावर धातूची टोपी आणि नडगीवर धातूची थाळी बोन सिमेंटने चिकटवतात. दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलिनची गादी. हाड कापतानाच पायाचा बाक काढतात आणि आतल्या बाजूचे आखडलेले बंध सैल करून दोन्ही बाजूंचा ताण सारखा करतात. या शेवटच्या कामात सर्जनचं कसब दिसतं. एक बाजू सैल राहिली तर गुडघा डुगडुगतो, घट्ट राहिली तर वाकत नाही. भूल बहुधा पाठीतून देतात, वेळ दीड ते दोन तास.

दोन्ही एकदम करू नका. ६८ वय, मधुमेह आणि ३४च्या जवळचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असताना हृदय-फुप्फुसांवरचा ताण आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. शिवाय डाव्याची झीज ग्रेड ३ आहे. एक्स-रेवर ऑपरेशन ठरत नाही, दुखण्यावर ठरतं. उजवा सरळ झाला आणि मांडीत ताकद आली की डावा कदाचित बरीच वर्षं निभावून नेईल.

फिजिओ_मिरज:

मांडी घालण्याबद्दल आधीच स्पष्ट बोललेलं बरं, कारण ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस नाराज राहतो तो बहुतेक इथेच. नवा गुडघा किती वाकेल हे सर्वांत जास्त ठरतं आधी किती वाकत होता यावर. आईंचा १०० वाकतोय, म्हणजे १०५ ते ११५ची अपेक्षा ठेवा. जिना चढायला ९० ते १०० लागतात, बुटक्या खुर्चीतून उठायला १०५ च्या आसपास. मांडी आणि उकिडवं बसणं याला १३०च्या वर वाकावं लागतं, शिवाय गुडघ्याला पीळ बसतो. हाय-फ्लेक्स सांध्याची रचना जास्त वाकू देते, पण आखडलेला स्नायू ती लांबवत नाही. पूजेसाठी देवघराचा पाट उंच करा आणि समोर खुर्ची ठेवा. संडासाचं काम ऑपरेशनच्या आधी संपायला हवं: कमोड, त्यावर चार इंची उंचवटा आणि उजव्या हाताला भिंतीत पक्का दांडा.

वाकण्यामागे सगळे लागतात, सरळ होण्याकडे कुणी बघत नाही. आईंचे १० अंश आजच राहतायत. ते ऑपरेशनच्या टेबलावर काढले तरी घरी आल्यावर परत येऊ शकतात, आणि त्याला कारणीभूत असते गुडघ्याखाली प्रेमाने ठेवलेली उशी. तिने बरं वाटतं म्हणून घरचे ठेवतात आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. मग चालताना लंगडणं कायमचं. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून चार वेळा.

व्यायाम आजपासून सुरू करा. पाय सरळ ठेवून गुडघा गादीकडे दाबायचा, ५ सेकंद धरायचा, असं १० वेळा. सरळ पाय वीतभर उचलून धरायचा, १० वेळा. टाच गादीवरून घसटत कुल्ल्याकडे आणायची, १० वेळा. हे तीन वेळा रोज. वॉकरने चालायचा सराव आधीच करून घ्या, दुखत असताना नवीन काही शिकणं जड जातं.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पाठीतली भूल आणि मांडीतला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) उतरला की पहिल्या-दुसऱ्या रात्री दुखणं एकदम वाढतं. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, घाबरू नका. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. टाके १२ ते १४ दिवसांनी निघतात, तोवर गुडघा ९० वाकायला हवा. सहा आठवड्यांनीही ९०च्या आत अडकला असेल तर सर्जनना लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवता येतो, पण ते साधारण पहिल्या बारा आठवड्यांतच चांगलं जमतं. त्यानंतर आत भरून येताना तयार झालेली व्रणाची जाळी पक्की होते.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घोळदार गाऊन आणि मागून मोकळी चप्पल घरातून बाद करा, पायपुसणीही उचला.

साताऱ्याची_लेक:

इंजेक्शनचं कुणीच विचारलं नव्हतं. तारीख पुढे ढकलते. खर्चाचं आणि रोबोटचं कुणी सांगेल का? आणि पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

सांधेरोपण_समन्वयक:

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. हाड ठरवलेल्या कोनातच कापलं जावं यासाठी तो सर्जनच्या हाताला बांध घालतो. कोन अचूक येतात, पण काही वर्षांनंतरच्या चालण्या-वाकण्यात साध्या पद्धतीपेक्षा मोठा फरक दिसलेला नाही. त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर ते वर्षाला भरपूर गुडघे करणाऱ्या सर्जनवर खर्च करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण संचाला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचाला ७६,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरवली, जीएसटी वेगळा. नंतर आकडे थोडे बदलले, म्हणून चालू दर विचारा. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे लिहिलेले हवेत. ते स्टिकर जपून ठेवा, पुढे कधी गादी बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीचा त्याच मापाचा भाग लागतो. पॅकेजचा खरा फरक खोली, भूल, सर्जनची फी आणि फिजिओथेरपी यांत असतो. विमा असेल तर पॉलिसीतला प्रतीक्षा काळ वाचा. झिजेमुळे होणाऱ्या सांधेरोपणाला तो बहुधा दोन ते तीन वर्षांचा असतो.

अस्थिशल्य_कोल्हापूर:

दिवसांबद्दल. वॉकर दोन-तीन आठवडे, मग काठी, सहा आठवड्यांच्या सुमारास घरातली बरीच कामं. रात्रीची झोप महिना-दीड महिना तुटक राहते. तीन महिन्यांत ऑपरेशन केल्याचं समाधान वाटू लागतं, सूज आणि गरमपणा सहा महिन्यांपर्यंत, ताकद वर्षभर वाढत राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आणि चालताना धातू-प्लॅस्टिकची टकटक कायम राहू शकते, त्यात धोका नाही. पाचातला एकजण पूर्ण समाधानी नसतो, हेही आईंना आधी सांगा. टिकाऊपणाची काळजी नको: २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के सांधे जागेवर असतात.

जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांना होतो. जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येणं, लाली पसरणं, बरं होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. गोळीने वरची लाली जाते, आतले जंतू तसेच राहतात, आणि सांध्यातलं पाणी तपासलं तरी जंतू सापडत नाहीत. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कळलं तर सांधा धुऊन, मधली गादी बदलून काम भागू शकतं. उशीर झाला की जंतू धातूवर थर धरतात आणि बहुधा सगळा सांधा काढावा लागतो, दोन ऑपरेशनं, मध्ये काही आठवडे ते महिने.

दुसरी भीती पोटरीतल्या गुठळीची. रक्त पातळ करणारी गोळी सांगितली तितके दिवस चुकवू नका, जागेपणी दर तासाला पावलं २० वेळा वर-खाली हलवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी). दम लागला किंवा छातीत दुखलं तर तपासणीची वाट न बघता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात.