अरण्यऋषींच्या नावानं खजिन्याचा शोध: मान की खेळखंडोबा?

माळकरी: ५ नोव्हेंबर जवळ आला. अरण्यऋषी म्हणतात त्या वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली सरांचा जन्मदिवस. १९३२ साली जन्म आपल्या सोलापुरातला, आणि जून २०२५ मध्ये गेले तेही इथंच. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. दरवर्षी होतं काय? तसबीर, हार, भाषण, चहा. यंदा आमच्या कट्ट्यावर ठरतंय की सिद्धेश्वर वनविहार आणि कंबर तलावाच्या बाजूला शाळकरी पोरांसाठी खजिन्याचा शोध ठेवायचा. चिठ्ठ्या, खुणा, कोडी. एक कोडं तयार आहे: ‘अर्धं घर बांधून कोण निघून गेलं?’ उत्तर सुगरणीचा खोपा. नर अर्धा विणतो, मादीला पसंत पडला तर पुरा करतो, नाहीतर तो सोडून दुसरा घेतो. मतं सांगा.

निवृत्त_वाचक: माझा विरोध. नवेगाव, नागझिरा, मेळघाट... वनखात्यातली सगळी नोकरी रान निरखण्यात घालवलेला माणूस. त्याच्या नावानं पोरांना शिट्ट्या मारत पळवायचं? पन्नास पोरं एका बाभळीखाली जमली की दहा मिनिटांत खोपा खाली. आमच्याच कॉलनीत एकांच्या दिवाणखान्यात झुंबराशेजारी टांगलाय, पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

शेंगापोळी: ओ काका, तुम्ही पण की! पोरं घरात बसून मोबाईलवर वाघ मारतात, ते चालतंय व्हय? पळू द्या की जरा. पळाल्याशिवाय थांबायला कुठं शिकणारेत?

बुलेटवाला: वनविहारात काय मजा नाय. थेट नान्नजला न्या की. माळढोकच शोधू दे पोरांना!

टिटवी: @बुलेटवाला, नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ चं. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, ते छाटत सुमारे बाराशेवर आलं. माळढोक दिसला तर आता पेपरात बातमी येते. तो शोधायला पोरं नेणार आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आणणार? शिवाय परवानगीशिवाय आत जाताच येत नाही.

आणि माळ म्हणजे मोकळं मैदान नव्हे, दादा. मागं मे महिन्यात आम्ही तिघं शहराबाहेरच्या एका माळावर उभे होतो. टिटवी डोक्यावर ओरडून ओरडून घिरट्या घालत होती. घरटं जवळच असणार हे कळत होतं, पण दिसेना. शेवटी मैत्रीण म्हणाली, हलू नकोस. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी, टोकं आत वळवलेली, खड्यांच्याच रंगाची. काड्या नाहीत, गवत नाही, नुसता खळगा. आल्या पावलांवर पाय ठेवत मागं सरकलो. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर चारही गेली असती. नोव्हेंबरात टिटवीची वीण नसते, कबूल, पण पाय कुठं ठेवायचा ही सवय बारा महिने लागते.

म्हणून मी खेळाच्या बाजूची आहे, पण नियम एकच हवा: काही उचलायचं नाही. पीससुद्धा नाही. पाहिलं, वहीत काढलं, की गुण.

माळकरी: @टिटवी मान्य. दुर्बिणी चार आहेत, आणखी कुणाकडं असल्या तर सांगा. पहिल्या तीन गटांना पदकं ठेवतोय.

निवृत्त_वाचक: झालं! पदक आलं की शर्यत आली. त्यापेक्षा एक करा. सरांनी मराठीला शब्द दिले: कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वीणवसाहतीला सारंगागार. त्या शब्दांचीच कोडी घाला. पोरानं संध्याकाळी कावळे कुठल्या झाडावर उतरतात ते पाहावं आणि ते झाड काकागार म्हणायचं की नुसता रातथारा, म्हणजे रात्री बसायची जागा, हे स्वतः ठरवावं. एवढं करायचं तर मी येतो. पदकं असली तर नाही.

शेंगापोळी: काका, पदक नाय म्हटल्यावर आमच्या शाळेतलं एक पोरगं पण येणार नाय बघा. खरं सांगतोय.

टिटवी: पदकाऐवजी दुर्बीण देता येईल? एकच, अख्ख्या शाळेला मिळून.

बुलेटवाला: दुर्बिणीचा खर्च कोण करणार? वर्गणी काढली की कट्ट्यावरची निम्मी माणसं गायब होतात, गेल्या वेळी बघितलंय.

माळकरी: ते बघतो. पदकांचं रविवारी कंबर तलावावर बसून ठरवू, सकाळी साडेसहाला. काका, तुम्ही याच, भांडायला तरी.

निवृत्त_वाचक: येईन. चहा थर्मासमध्ये आणा, गाडा लावून आरडाओरडा नको.

टिटवी: पोरांच्या घरी आत्ताच कळवून ठेवा, मोजे आणि लोकरीचं काही घालू नका. गवत वाळलंय, कुसळं इतकी भरतात की मागच्या खेपेला माझा अर्धा रविवार ती उपसण्यात गेला.