बव्हेरियनला ‘बोली’ म्हणून किती दिवस बोळवणार?

इसारकाठी
युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या २००९च्या यादीत आग्नेय जर्मनी आणि ऑस्ट्रियात बोलली जाणारी बव्हेरियन आहे, भाषांना संकेत देणाऱ्या आयएसओचा स्वतंत्र संकेत आहे, विकिपीडियाही आहे. तरी जर्मनीत कुणालाही विचारा: ‘ती होय? जर्मनची बोली आहे.’ मला पटत नाही. व्याकरणच बघा. साधा भूतकाळ ‘होता’ आणि ‘हवं होतं’ एवढ्यापुरता उरलाय. नकार दुहेरी: ‘इ हॉब कोआ गेल्ट नेट’, म्हणजे माझ्याकडे कुठलेच पैसे नाहीत नाहीत. ‘तुम्हाला’साठी ‘एंक’, जे मुळात फक्त दोघांसाठीचं रूप, आपल्या संस्कृत द्विवचनासारखं. आणि कहर म्हणजे ‘तू आलास तर’ म्हणताना ‘वेन’चं (म्हणजे ‘जर’चं) ‘वेन्स्ट’ होतं. क्रियापदाचा प्रत्यय चक्क उभयान्वयी अव्ययाला! मग ते अव्यय कसलं?

खवचट
व्याकरणाच्या गमतीजमती छान आहेत, पण असल्या गमती प्रत्येक बोलीत सापडतात. तुमचा निकष लावला तर वऱ्हाडी, मालवणी, सगळ्यांच्या पाट्या बदलाव्या लागतील. प्रमाण जर्मन घडली तीच मुळात मध्य आणि दक्षिण भागातल्या बोलींमधून, त्यामुळे बव्हेरियन तिची सख्खी बहीण. शाळा, कोर्ट, वर्तमानपत्र सगळं प्रमाण जर्मनमध्ये. श्मेलर या भाषाशास्त्रज्ञाने १८२७पासून बव्हेरियनचा कोश काढला, दोनशे वर्षं होत आली, अजून सर्वांना मान्य असं शुद्धलेखन नाही.

पायलीपन्नास
सैन्य आणि आरमार असलेली बोली म्हणजे भाषा. विषय संपला.

खवचट
हे वाक्य येणार हे ठाऊकच होतं. भाषाशास्त्रज्ञ माक्स वाइनराइखने ते १९४५मध्ये यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून, छापलं, तेही एका श्रोत्याकडून ऐकलेलं. पण बव्हेरियनच्या बाबतीत ते साफ आपटतं. ऑस्ट्रियाला सैन्य आहे, १९१८पर्यंत आरमारही होतं. पश्चिम टोकाचं फोरार्लबेर्ग राज्य सोडलं तर जवळजवळ देशभर बव्हेरियनच्याच बोली. तरी राज्यघटनेच्या ८व्या कलमात राजभाषा कुठली? जर्मन. १९९५मध्ये युरोपीय संघात शिरताना त्यांनी करारात काय जपून घेतलं, तर टोमॅटो, जर्दाळू अशांसाठीचे खाण्यापिण्याचे २३ खास ऑस्ट्रियन शब्द. सगळं हाताशी असून त्यांना वेगळी भाषा नकोच होती.

इसारकाठी
मग तुम्हीच कबूल केलंत की प्रश्न इच्छेचा आहे, भाषाशास्त्राचा नाही. लक्झेंबर्गने १९८४मध्ये कायदा केला आणि मोझेल खोऱ्यातली फ्रँकोनियन बोली राष्ट्रभाषा झाली. सीमेपलीकडे जर्मनीत तशाच धाटणीचं बोलणारे मात्र आजही ‘बोली’च बोलतात. याचे परिणाम होतात हो. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली उत्तरेतल्या लो जर्मनला संरक्षण आहे. बव्हेरियनला नाही, कारण सनद राजभाषेच्या बोलींना वगळते. एका शिक्क्यावर सगळं अडलंय.

मांडवीकाठ
आम्हाला हे नवीन नाही. कोकणीला मराठीची बोली ठरवणाऱ्यांनी काय कमी कागद काळे केले? १९७५मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. घरात आई बोलायची ते तेव्हाही तेच होतं.

खवचट
@मांडवीकाठ, कोकणीसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. बव्हेरियनसाठी कोण उतरलंय?

माइनकाठचा_पांडू
त्याआधी एक दुरुस्ती. बव्हेरिया राज्य म्हणजे बव्हेरियन भाषा नव्हे. याच राज्यात आमच्या वुर्झबुर्गला फ्रँकोनियन बोली चालते, आउग्सबुर्गला स्वाबियन. उद्या राजधानी म्युनिकने बव्हेरियनला राज्यभाषा करायचं ठरवलं, तर पहिला मोर्चा आमच्याकडून निघेल.

इसारकाठी
राज्यभाषा करा असं मी कुठे म्हटलं? शाळेत आठवड्याला दोन तास द्या, एवढंच मागणं आहे.

खवचट
दोन तासांत कुठल्या गावची शिकवणार? जर्मनीतल्या पासाउची की ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची? हे आधी ठरवा, मग मास्तर शोधू.