मदत हवी आहे: आयसी ७१९ मधल्या दोन उलट्या तबकड्या वेगळ्या होत नाहीत

गोदाकाठ, नांदेड: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी या दीर्घिकेचा म्यूजचा (चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरचं उपकरण) क्यूब, म्हणजे प्रत्येक बिंदूचा वर्णपट, घेतलाय. ताऱ्यांच्या दोन तबकड्या एकमेकींच्या उलट फिरतात. पीपीएक्सएफमध्ये (वर्णपटातून ताऱ्यांचे वेग काढणारा प्रोग्राम) माइल्सचे साचे (ताऱ्यांच्या वर्णपटांचा संग्रह) दोनदा दिले. पट्टा ४८००–५६०० आंगस्ट्रॉम, व्होरोनॉय बिनमध्ये (शेजारचे बिंदू एकत्र करून केलेले गट) सिग्नल-टू-नॉइज ३०, मोमेंट्स [४, ४] (प्रत्येक घटकाला वेग, सिग्मा म्हणजे वेगांचा पसारा, आणि रेषेच्या आकाराचे एच३, एच४), दोघांचा सुरुवातीचा वेग ०. शेवटी वेग सारखेच येतात, सिग्मा फुगतो. जिथं वेगळे येतात तिथं नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. काहून?

मांजराकाठ, लातूर: साचे तेच अन् वेगही तोच दिला, तर प्रोग्रामला दोघांत फरक करायला काही उरतच नाही. जुळी भावंडं एका गणवेशात उभी केल्यासारखं.

आधी मोमेंट्स [२, २] करा. एच३ आणि एच४ मोकळे सोडले की दुसऱ्या तबकडीचा प्रकाश तेच गिळतात. मग सुरुवातीच्या वेगांची जाळी चालवा: दीर्घिकेचा स्वतःचा वेग वजा करून, −२०० ते +२०० किमी/से, २० च्या पायरीनं. म्हणजे २१ × २१ = ४४१ फिट; पण साचे सारखेच असल्यानं व्ही१ > व्ही२ एवढेच घेतले तर २१० पुरतात. जाळीच्या बिंदूवर वेग पक्के धरा, बाकीचं मोकळं. प्रत्येक बिन संपला की निकाल फाइलमध्ये लिहा, लाईट गेली तर सगळं पुन्हा नको.

काय-स्क्वेअरचा (फिट किती चुकतो त्याचा आकडा) तळ कर्णापासून (व्ही१ = व्ही२) लांब असेल तर दोन घटक खरे. दरी कर्णावरच पसरली असेल तर त्या बिनमधून दुसरा घटक ओढून काढू नका. लघुअक्षाजवळ दृष्टिरेषेवर दोघांचेही वेग शून्याकडे येतात, तिथं असंच होणार. तो भाग झाका.

३० चा सिग्नल मात्र फार कमी. एका घटकाला चालतो, इथं ६० च्या वर न्या, बिन मोठे झाले तरी. म्यूजचा उपकरणाचा सिग्मा (उपकरणामुळेच रेषा जितकी पसरते तो पसारा) ५२०० आंगस्ट्रॉमजवळ सुमारे ६५ किमी/से आहे, वेगांतलं अंतर त्याच्या आसपास आलं की रेषा चिकटतात.

गोदाकाठ, नांदेड: आणि बुद्धिबळाचा पट?

मांजराकाठ, लातूर: घटकांची अदलाबदल. पहिला-दुसरा हे नाव प्रोग्राम दर बिनला नव्यानं ठरवतो. शेजारच्या बिनचा वेग बघून हातानं जुळवा.

हिंगोलीकर: एक सोपी खूण: आयसी ७१९ मध्ये वायू नंतर आलेल्या, तरुण तबकडीसोबत फिरतो. ऑक्सिजनच्या ५००७ आंगस्ट्रॉमच्या रेषेवरून वायूचा वेग काढा, तोच त्या घटकाचा सुरुवातीचा वेग. दुसऱ्याला उलट चिन्ह.

आणि पुढं दोघींची वयं काढायची असतील तर डिग्री = −१ ठेवून (बेरजेचे बहुपद बंद) एमडिग्री (गुणाकाराचे बहुपद) वापरा. बेरजेचे बहुपद रेषांची खोली बदलतात, वय चुकतं. नुसत्या वेगासाठी ते चालतील.